पंखा वाढला

आमच्या घरात काही मोडत नसे. कप फुटत नसे, आरसा तडकत नसे, खुर्चीचा पाय निखळत नसे. सगळे वाढत असे. बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावे, आणि नारळ फोडू नये, वाढवावा, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, तो शब्द घरभर मोकाट सोडला होता. दुधाचे पातेले गळू लागले की पातेले वाढले. छत्रीची काडी तुटली की छत्री वाढली. आम्ही ख्रिस्ती. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी शकुन आणि अपशकुन दोन्ही सीना नदीला वाहिले, असे दादा रविवारच्या शाळेत मुलांना छाती काढून सांगत. वाहिले असतील. 'मोडला' या शब्दाची भीती तेवढी गाठोड्याच्या कोपऱ्यात राहून घरी परत आली असावी.

दादा मिशनच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. गुलाबी औषध ढवळून बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवणे हे त्यांचे काम, आणि त्यात वाईट काही नाही. वाईट हे, की आपला जन्म याहून मोठ्या कामासाठी झाला आहे असे त्यांना वाटे, आणि ते मोठे काम आमच्या पुढच्या खोलीत, आईच्या बेतायच्या फळीवर चाले. दादा विमाने करत. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, खळ आणि सरस. पंख पसरले की हातभर इकडे आणि हातभर तिकडे. आधी ती रबराला पीळ देऊन उडत, म्हणजे उडत आणि पडत, आणि त्यात कोणाचे फारसे बिघडत नसे. मग भिंगारच्या कॅम्पातला एक गोरा सार्जंट त्यांना माळावर भेटला. बुटका, तोंडभर तांबडे ठिपके. त्याच्या विमानाला खरे इंजिन होते, लिंबाएवढे. ते इंजिन ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांच्या मिश्रणावर चाले. सार्जंटला दवाखान्यातले भुलीचे ईथर हवे होते, दादांना इंजिन. दवाखान्याला काय हवे होते ते कोणी विचारले नाही. थोड्याच दिवसांत सार्जंटचे एक जुने इंजिन आमच्या घरी आले.

त्या इंजिनाचा आवाज ज्याने ऐकला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. पत्र्यावर खिळा ओढत राहावा तसा. मागच्या अंगणात दादा ते फळीला ठोकून चालवून बघत तेव्हा शेजारच्या शेळ्या दावे तोडत. धूर थेट चुलीपाशी येई. हिवाळ्यात आमच्याकडे हुलग्याचे शेंगोळे होत, लसूण-मिरचीचा झणझणीत रस्सा आणि त्यात बोटाएवढ्या वळलेल्या शेंगोळ्या. त्या वर्षी त्या रश्शाला एरंडेलाचा वास होता. बाजरीच्या भाकरीलाही होता. दादा जेवताना म्हणत, "काय चव आलीय आज!" आई सहसा बोलतच नसे. ती शिवत असे. खिडकीपाशी तिचे पायाचे शिलाई मशीन होते, काळे, कडेला सोनेरी वेल काढलेले. दवाखान्याचे झगे आणि मुलींच्या बोर्डिंगचे फ्रॉक त्यावर शिवले जात. दादांचा पगार विमानांच्या हवेत गेल्यावर आम्ही जे खात होतो ते त्या मशीनवर शिवलेले होते. हे घरात सर्वांना माहीत होते, दादांना सोडून.

मला विमानाची शेपटी धरायचे आणि पडल्यावर तुकडे गोळा करायचे काम होते. विमान नाकावर पडे. दुसरे कशावर पडणार, सगळा जडपणा नाकात. पडले की पुढचा लाकडी पंखा तुटे. दादा तुकडे हातात घेऊन माळावर उभे राहत आणि मयताला आल्यासारखे म्हणत, "पंखा वाढला." त्यांच्याबरोबर नेहमी थोमा मास्तर असत. मास्तर शाळेत चित्रकला शिकवत आणि दादा जे म्हणतील त्याला होकार देत. तेवढ्यासाठीच त्यांना आणलेले असे. "वाढला," मास्तर म्हणत. "आता मजबूत करायला पाहिजे."

मजबूत! या एका शब्दाने पुरुषांच्या किती पिढ्या फुकट गेल्या असतील. आधीचा पंखा देवदाराचा होता, तो मोडला म्हणून बाभळीचा केला. बाभळीचा मोडला म्हणून शिसवी केला. शिसवीलाही टोकाशी चीर गेली, तेव्हा त्याला लोखंडी पट्टी मारली. पट्टीचा पंखा मोडला नाही. इंजिनाचा दांडा वाकला. मला तेव्हा भूमितीचे एक प्रमेयही धड येत नव्हते, तरी कळले की धक्का कुठेतरी जाणारच. पंखा खात नसेल तर दांडा खाईल. दादांनी कॅम्पातल्या कारखान्यात ओळख काढून दांडा सरळ करून आणला आणि पुढच्या खेपेला पट्टी दुहेरी केली. आजही माझ्या शिवणवर्गातल्या मुली कापड फाटले की त्यावरून चार वेळा शिलाई मारतात. शिलाईच्या बाजूला ते पुन्हा फाटते. मी म्हणते, कापडाला जरा ढील द्या गं. त्यांना वाटते बाईंना शिवण कळत नाही.

त्या हिवाळ्यात गोऱ्या पलटणी निघून जायला लागल्या. कॅम्पातल्या बंगल्यांबाहेर खोकी दिसू लागली. एका संध्याकाळी दादा घरी आले ते चहा न मागताच खुर्चीवर बसले आणि आईच्या मशीनकडे बघत राहिले. असे बघताना मी त्यांना पूर्वी पाहिले नव्हते.

"सार्जंट चाललाय," ते म्हणाले. "त्याच्याकडे नवं इंजिन आहे. कोरं. कागदसुद्धा काढलेला नाही."

आईने पाय थांबवला नाही.

"त्याच्या मडमेला त्याच्या बदल्यात तुझं मशीन हवंय. दवाखान्यात झगे द्यायला आलीस तेव्हा तिनं विचारलं होतं ना? तिला खालचं सगळं नको. नुसतं डोकं पाहिजे. पाय इथंच राहतील."

आता आईने पाय थांबवला. "डोक्याशिवाय मी काय शिवू?" तिने विचारले. "पाय हलवत बसू?"

"तू अगदी शब्दावर बोट ठेवतेस. पुढं-मागं दुसरं घेऊ. असं इंजिन पुन्हा मिळायचं नाही."

"आहे ते चालतंय ना?"

"चालतंय. पण..."

"चालतंय तोवर कशाला दुसरं?" आई म्हणाली. ती उठली, कपाटावरचे पवित्र शास्त्र काढले आणि बेतायच्या फळीवर, विमानाच्या पंखाशेजारी ठेवले. "हात ठेवा. हे इंजिन चालतंय तोवर मशीनला हात लावणार नाही, म्हणा. बंद पडलं तर डोकं न्या, मी तोंडातून अक्षर काढणार नाही."

दादांना स्वतःच्या शब्दाचा फार अभिमान होता. ज्याच्याजवळ दुसरे काही नसते त्याला असतो. त्यांनी हात ठेवला. मला वाटले, आई हरली. इंजिनाचा दांडा आधीच एकदा वाकला होता आणि पुढचा रविवार सुगीच्या सणाचा होता. त्या दिवशी उपासना झाल्यावर देवळामागच्या, म्हणजे चर्चमागच्या, माळावर सगळ्या मंडळीसमोर दादा विमान उडवणार होते. सार्जंटला खास बोलावणे होते, जुने इंजिन बंद पडले तरच सौदा हे त्याला सांगितलेले होते, आणि सोमवारी सकाळी तो देवळालीला निघणार होता. म्हणजे सगळा सवाल एका पडण्याचा होता. विमान पडणार यात शंका नव्हती. विमान पडून इंजिन वाचले तर मशीन राहणार होते.

मी कामाला लागले. विमानाचे मला कौतुक नव्हते, आजही डोक्यावरून विमान गेले तर मी वर बघत नाही. पण मशीनवर मी काजे करायला शिकत होते आणि ते मला हवे होते. मी मशीनपासूनच सुरुवात केली. जाड कापडाची घडी सुईखाली अडकली की काय होते? चाकाचा चामडी पट्टा सरकतो. पाय हलत राहतो, पट्टा नुसता घसरतो आणि आतले काही मोडत नाही. तेवढ्यावर भागले नाही तर सुई मोडते. सुई मोडली तर दुसरी मिळते. ज्याने मशीन बनवले त्याला आधीपासून माहीत होते की कधीतरी अडकणार आणि मग काहीतरी सुटलेच पाहिजे. आमच्या दादांच्या विमानात काही सुटत नव्हते. स्क्रू मारून, वर सरस ओतून, इंजिन नाकात असे गाडलेले होते की पडेल ते सगळ्यांना घेऊन पडेल.

दुसरी गोष्ट मला मघापासून सांगायची आहे. इंजिन बंद पडले की पंखा कुठेही थांबत नाही. फिरवताना एका जागी हाताला अडते ना, आत दाब बसतो तिथे, नेमका त्याच्या जरा अलीकडे येऊन थांबतो. दर वेळी तिथेच. आणि दादांनी पंखा असा बसवला होता की तिथे तो उभा राही, एक पाते आकाशाकडे आणि एक जमिनीकडे. का, तर उभा रुबाबदार दिसतो. मग विमान कितीही हलकेच उतरले तरी खालचे पाते आधी जमिनीत घुसायचेच. पंखा पाव वळसा फिरवून बसवला तर तो आडवा थांबणार होता, दोन्ही पाती जमिनीपासून वर.

हे मी त्यांना सांगितले. बाप आहे, सांगावे. जेवण झाल्यावर ते अंगणात सरस कढवत होते, थोमा मास्तर बाजूला बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.

"दादा, इंजिन फळीवर बसवून फळी रबरांनी बांधली तर? पडल्यावर सुटून बाजूला जाईल."

"रबरांनी?" दादा मास्तरांकडे बघून हसले. "ऐकलंत? इंजिन म्हणजे वाण्याच्या दुकानातली पुडी झाली. दोरा गुंडाळा आणि द्या!"

"पुडी!" मास्तर म्हणाले आणि शेंगदाणा घशात जाऊन खोकू लागले.

"स्क्रू घट्ट बसवले तर मोडतं, म्हणून..."

"एस्तेर." ते एकदम गंभीर झाले. "सणाच्या तोंडावर घरात हा शब्द नको."

"बरं. वाढतं म्हणून."

"आणि वाढलं तर वाढलं," दादा म्हणाले. ते आगीकडे बघत होते. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले. "प्रभूची इच्छा. आपण कोण?"

तेव्हा मला समजले. तोवर मी त्यांना नुसते अडाणी समजत होते. तसे नव्हते. इंजिन चालत राहिले तर त्यांची शपथ त्यांना आडवी येत होती. इंजिन मोडले तर शपथ पाळूनही कोरे इंजिन मिळत होते. त्यांना ते वाचवायचेच नव्हते. सगळ्या मंडळीसमोर, हात जोडून, प्रभूच्या इच्छेने त्यांना ते मोडायला हवे होते.

मी आत जाऊन आईला सांगितले. आईने दातात धरलेला दोरा तोडला. "रबरं कशाची करणार?" तिने विचारले.

सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या आईने कातरीने कापल्या, बेतून कापाव्यात तशा सारख्या. चहाच्या खोक्याची फळी मी चाकूच्या पातीने तासली. रविवारी पहाटे दादा गायनमंडळाच्या तालमीला गेले आणि आम्ही दोघी विमानाला बसलो. सरस खरवडून स्क्रू काढले. इंजिन आणि त्याची इवलीशी टाकी फळीवर बसवली. नाकाच्या दोन्ही बाजूंना बांबूच्या खुंट्या ठोकल्या आणि रबरे ताणून फळी बांधली, अशी घट्ट की हाताने हलू नये, पण ठोसा बसला तर निसटावी. आईने मशीनच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा कापून त्याची चकती पंख्यामागे घातली, म्हणजे पाते आपटले तर पंखा दांड्यावर घसरेल. लोखंडी पट्ट्या काढून टाकल्या. पंखा पाव वळसा फिरवला. वरून नाकावर पत्र्याचे टोपण होते, दुधाच्या भुकटीच्या डब्याचे, ते पुन्हा बसवल्यावर आतले काही दिसत नव्हते. दादांना दिसले असते तर पंख्याचे दिसले असते. पण महिनोन्‌महिने त्या पंख्यासमोर उभा राहिलेला माणूस, पंखा उभा आहे की आडवा हे त्या दिवशी त्याने पाहिले नाही.

सुगीच्या सणाला देवळात बाजरीची कणसे, भोपळे, कोंबड्या, कोणाकोणाच्या वेलीचे दोडके असे सगळे वेदीपुढे मांडलेले असे. उपासना लांबली, कारण एक कोंबडा सुटला. मग मंडळी माळावर आली. भिंगारच्या बाया कडेवर पोरे घेऊन आल्या होत्या. दादा कोट घालून होते. सार्जंट आला, खिशावर हात ठेवून. खिसा फुगलेला होता. आणि आमच्या दाराकडून मास्तर ढकलत आणत असलेली हातगाडी मी पाहिली. तिच्यावर चादरीत बांधलेले काहीतरी होते. दादांनी इंजिन मोडायचीही वाट पाहिली नव्हती. देवळातून आम्ही परतायच्या आत मशीनचे डोके उतरवून ठेवायला त्यांनी मास्तरांना सांगून ठेवले होते. आईने गाडीकडे एकदा पाहिले आणि पदर खोचला.

विमान वर गेले. चांगले गेले, ते नाकारणार नाही. चांदबिबीच्या महालाच्या डोंगराकडे तोंड करून, किंचाळत, चढत गेले. "लई उंच गेलं गं," एक बाई म्हणाली, "माझ्या मेलीची मानच आखडली." मग तेल संपले, आवाज थांबला, वाऱ्याने एक पंख उचलला आणि विमान नाक खाली करून सरळ कुसळी गवतात आले. आपटताच नाकापासून फळी निसटली आणि इंजिन उडून भलतीकडे जाऊन पडले.

"अगं बया, मुंडकं तुटलं की त्याचं!" तीच बाई ओरडली.

दादा जागचे हलले नाहीत. इंजिन कुठे पडले, काय झाले, बघायला एक पाऊल टाकले नाही. दोन्ही हात आकाशाकडे करून म्हणाले, "वाढलं!" आवाजात दुःख होते. डोळे खिशावर होते.

"व्हॉट?" सार्जंटने विचारले. त्याला मराठी येत नव्हते. बाजारातले हिंदुस्थानी येई, खानसाम्याशी बोलण्यापुरते.

दादा त्याच्यासमोर गेले. मान खाली घातली. आणि त्यांनी आपल्या शब्दाचे हिंदुस्थानी केले. "साब," ते म्हणाले, "इंजन बढ़ गया."

सार्जंटने निसटून दूर पडलेल्या इंजिनाकडे पाहिले, मग दादांकडे. "बढ़ गया?"

"हां साब. पूरा बढ़ गया."

"आगे बढ़ गया! अच्छा, अच्छा!" सार्जंट आनंदला. त्याने दादांचा हात धरून गदागदा हलवला. आपण दिलेले जुने इंजिन विमानाच्याही पुढे गेले म्हणून हा माणूस आभार मानतो आहे, असे त्याला वाटले असणार.

"टूट गया म्हणा," मास्तर कुजबुजले. "अहो, टूट गया म्हणा!"

दादांनी तोंड उघडले. मिटले. सणाचा दिवस, देवळाची सावली, भोवती सगळी मंडळी. शब्द येईना. चांगली इंग्रजी चौथी शिकलेला माणूस, हातवारे करूनही सांगू शकला असता. पण हातांनी मोडून दाखवणे म्हणजेही मोडणेच ना. ते तसेच उभे राहिले, हात सार्जंटच्या हातात, तोंड माशासारखे.

तोवर मी गवतातून फळी उचलून आणली. फुंकर मारून माती उडवली. पंख्याला साधा ओरखडा नव्हता, तो घसरून थोडा फिरला होता इतकेच, तो मी पुन्हा जागेवर आणला. दांडा सरळ होता. आई माझ्याजवळ आली. पदराखाली इंजिनाच्या तेलाची बाटली होती, ती केव्हा घेतली होती कोण जाणे. तिने टाकीत थोडे ओतले आणि फळी दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरली. मी पंख्यावर बोट मारले. पहिल्यांदा नखावर बसला. पुन्हा मारले. इंजिन किंचाळत सुटले, आईच्या हातात, सगळ्या मंडळीसमोर, आणि धुराने पाद्रीबाबांना शिंका आल्या.

"शाबाश!" सार्जंट ओरडला. त्याने फुगलेल्या खिशावर थाप मारली, म्हणजे हे आता माझे मीच नेतो, आणि हसत हसत मंडळीला सलाम करून कॅम्पाच्या रस्त्याला लागला. त्याची मडम घरी मशीनची वाट बघत असेल. तिचे काय झाले ते मला माहीत नाही.

आई इंजिन बंद पडेपर्यंत ते धरून उभी राहिली. पंखा थांबला. आडवा थांबला. तिने ते दादांच्या हातात दिले आणि शांतपणे म्हणाली, "चालतंय." मग मास्तरांकडे वळली. "मास्तर, ती गाडी जिथनं आणलीत तिथं न्या. आणि उतरवताना जसं काढलं तसंच बसवा. स्क्रू माझे मोजलेले आहेत."

मास्तरांनी नेली. आयुष्यात पहिल्यांदा ते दादांना न विचारता कोणाला 'हो' म्हणाले.

घरी दादा अंगणात पाठ करून बसले. कोणी हात लावायला सांगितले, पोरीच्या जातीला हे उद्योग कशाला, असे काहीबाही भिंतीला ऐकवत होते. त्यांनी पुढे कितीतरी विमाने केली आणि प्रत्येकावर इंजिन रबरांनी बांधले. लोकांना ते सांगत, ही माझी युक्ती. सांगू दे. ज्याला स्वतःची म्हणायला दुसरे काही नाही त्याच्या हातातून रबर कशाला काढून घ्या. ते मशीन आजही माझ्या वर्गात खिडकीपाशी आहे, पट्टा दर दोन-चार वर्षांनी बदलावा लागतो.

त्या संध्याकाळी आईने चूल पेटवण्याआधी मशीन तपासायला घेतले. डोके नीट बसले होते, पण चादरीत आवळून आणल्याने सुई किंचित वाकली असावी. बोर्डिंगच्या फ्रॉकची जाड दुमड खाली गेली आणि टक्कन आवाज झाला.

"काय झालं गं?" दादांनी अंगणातून विचारले.

आयुष्यभर आईने त्यांना त्यांच्याच शब्दात उत्तर दिले होते. तिने दाबपट्टी उचलली, कापड सोडवले आणि सुईचा तुकडा खिडकीबाहेर टाकला.

"सुई मोडली," ती म्हणाली. "दुसरी लावते."